चुना, काजळी आणि उघडलेली खिडकी

पोलंडमधल्या क्राकोवला राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत वसंत जवळ आल्याची वर्दी मला दर वर्षी शेजाऱ्यांच्या खिडक्यांनी दिली आहे. झाडे त्या मानाने फार उशिरा जागी होतात. ईस्टरला दोनतीन आठवडे उरले की आमच्या गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक सताड उघडू लागतात, पडदे उतरतात, आणि एखाद्या शनिवारी सकाळी समोरच्या इमारतीत सहासात बायका एकाच वेळी खिडकीपाशी स्टुलावर चढून काचा पुसताना दिसतात. बाहेर अजून अंगात हुडहुडी भरवणारा गारवा असतो आणि बादलीतल्या कोमट पाण्याची वाफ खाली रस्त्यावरूनही दिसते, तरीही ऊन पडण्याची वाट पाहत कोणी थांबत नाही. ऊन घरात यायचे असेल तर काच आधी स्वच्छ हवी, असा तो क्रम आहे.

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारीणबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी त्यांना 'पानी' म्हणते; परक्या स्त्रीला पोलिशमध्ये आदराने असेच संबोधतात, आपण 'बाई' म्हणतो तसे. मी इथे आले त्या पहिल्याच वर्षी मार्चअखेर त्यांनी माझे दार वाजवले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "तुमच्या खिडक्या अजून धुवायच्या राहिल्यात का?" मला वाटले, माझ्या हातून इमारतीचा काही नियम मोडला. मी क्षमा मागू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "तसं नव्हे हो. सण येईल तो कुठून येईल? या मळक्या काचेतून?" मग त्यांनी स्वतःच्या घरातून व्हिनेगरची बाटली आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून माझ्या हातात ठेवला.

आमची इमारत जुनी आहे आणि तिच्या खिडक्या दुहेरी आहेत. आतली झडप वेगळी, बाहेरची वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर पोकळी. म्हणजे एका खिडकीला काचेच्या चार बाजू पुसाव्या लागतात. त्या पोकळीत हिवाळाभराच्या मेलेल्या माश्या, धूळ आणि काजळी साचलेली असते. पहिल्या वर्षी मी ओला बोळा त्या पोकळीतून एकदा फिरवून बाहेर काढला, तर तो चुलीमागच्या भिंतीवरून फिरवल्यासारखा काळाकुट्ट झाला होता. तेव्हा क्राकोवमध्ये बऱ्याच घरांत कोळसा जळत असे. १ सप्टेंबर २०१९ पासून शहरात कोळसा आणि लाकूड जाळण्यावर पूर्ण बंदी आली, आणि त्यानंतर बोळ्यावरचा काळेपणा वर्षागणिक कमी होत गेला हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेजारीणबाई मात्र दर वर्षी माझा बोळा हातात घेऊन उजेडात धरून पाहतात. त्यांच्या लहानपणी घराचा हिवाळा कसा गेला हे फडक्यावरून ओळखत, असे त्या सांगतात.

त्यांच्या या सवयीमुळे मी पोलिश, चेक, युक्रेनियन, रशियन, बल्गेरियन अशा स्लाव्ह लोकांच्या वसंतापूर्वीच्या घरकामाविषयी विचारू लागले, वाचू लागले, आणि जमेल तिथे जाऊन पाहू लागले. वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली, आणि ती आजही खटकते. या लोकांच्या वसंतोत्सवांचे वर्णन जिथे जिथे केले जाते तिथे गवताचा पुतळा जाळणे किंवा बुडवणे, मिरवणूक, मुखवटे, नाचगाणी आणि पातळ धिरड्यांच्या चळती यांच्यावर पाने भरतात, पण त्याच दिवसांत घराच्या आत जे चालते त्याला एखादे वाक्य मिळते. 'बायका घर स्वच्छ करीत' एवढेच. जणू ते सणाआधीचे किरकोळ आवरणे होते आणि खरा सण अंगणात घडत होता. माझे मत नेमके याच्या उलट झाले आहे. घर झाडणे, खरवडणे, पोतारणे, धुपवणे हाच त्या सणाचा गाभा होता. तो बायकांच्या हाती होता आणि त्याला कामाचे नाव होते, म्हणून त्याची नोंद घ्यावी असे कोणाला वाटले नाही.

पोलंडमधल्या पोझनानच्या धर्मसभेचे १४२० सालचे नियम याबाबतीत बोलके आहेत. ईस्टरपूर्व उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी लोक 'मृत्यू' नावाची एक आकृती उचलून नेतात आणि डबक्यात बुडवतात, ही अंधश्रद्धा बंद करा, असे त्यात पाद्रींना बजावले आहे. या प्रथेविषयी इतक्या जुन्या काळातले काही आपल्याला कळते ते अशा बंदीमुळेच. केरसुणीवर आणि चुन्याच्या कुंच्यावर बंदी घालावी असे कोणत्या बिशपच्या मनात येणार? त्यामुळे पुतळा कागदोपत्री आला आणि कुंचा राहून गेला. पण पुतळ्याला जितकी शतके लोकांनी सांभाळले, तितकीच शतके कुंचाही भिंतीवरून फिरत होता.

या कामाचे मूळ समजून घ्यायचे तर काजळीपासून सुरुवात करावी लागते. पोलंड, बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या खेड्यांतल्या कित्येक घरांना एकोणिसाव्या शतकातही धुराडे नव्हते. चूल किंवा भट्टी आतच, आणि धूर दारातून, छपराखालच्या भोकातून, वाट मिळेल तिथून बाहेर जाई. थंडीचे पाच महिने दारे-खिडक्या बंद. खिडकीच्या फटींत शेवाळ किंवा चिंध्या कोंबलेल्या. पोलंडमध्ये शरद ऋतूत घराच्या बाहेरच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर खुंट रोवून कूड घालत आणि मधल्या जागेत सुकी पाने, शेवाळ, पेंढा ठासून भरत, अगदी खिडकीच्या तळापर्यंत. घराने गोधडीच पांघरलेली असे. वसंतात ही गोधडी उतरवत आणि तो पालापाचोळा गुरांखाली किंवा खतात जाई. तोपर्यंत आत धुराने तुळया काळ्या पडलेल्या, छताला काजळीची जळमटे लोंबत असलेली, आणि भिंतींवर धूर जिथे जिथे घोटाळला तिथे तिथे ओघळ. अशा घरात पहिल्यांदा दार उघडून उजेड आत घेतला की काय काय दिसत असेल, याची कल्पना करून पाहावी.

पोलंडमधल्या तार्नोव शहराच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर झालिप्ये नावाचे खेडे आहे. आज ते चित्रांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे आणि पर्यटक तिथे छायाचित्रे काढायला जातात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझाही तोच हेतू होता. भिंतींवर, विहिरीच्या बांधकामावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर आणि कुत्र्याच्या घरावरही फुले रंगवलेली आहेत: मोठाली, गोल, भरगच्च, एकमेकांना चिकटून फुललेली. पण ही फुले कुठून आली हे कळल्यावर माझे पाहणे बदलले. या भागातल्या बायका सणाच्या आधी काजळीने काळवंडलेल्या भिंतींवर चुन्याचे फटकारे मारत. सगळी भिंत पांढरी करण्याइतका चुना नसे आणि वेळही नसे, म्हणून जिथे डाग जास्त तिथे कुंच्याने गोल ठिपका द्यायचा. या ठिपक्यांना 'पात्स्की' म्हणत. ते दोन ओळींत, चार ओळींत, थोडे नीटस पडू लागले. पुढे घरांना धुराडे आले आणि भिंती पूर्वीइतक्या काळ्या होईनाशा झाल्या, तरी हाताला लागलेली सवय सुटली नाही. झाकायला डाग उरला नाही, तेव्हा ठिपक्याला पाकळ्या फुटल्या.

त्यांचे रंग पाहिले तर ही गोष्ट आणखी पटते. पांढरा म्हणजे चुना, तपकिरी आणि पिवळा म्हणजे माती, आणि काळा म्हणजे चुलीतली काजळी. ज्या काजळीशी वर्षभर भांडायचे तीच दुधात कालवून फुलाचा देठ काढायचा. कुंचा गाईच्या शेपटीच्या केसांचा, घरीच बांधलेला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला व्वादिस्वाव हिकेल या अभ्यासकाने या चित्रांविषयी लिहिले आणि बाहेरच्या जगाला झालिप्ये माहीत झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, तिथे रंगवलेल्या घरांची पहिली स्पर्धा झाली. आता ती उन्हाळ्याच्या तोंडाशी दर वर्षी भरते आणि तिच्याआधी गावातल्या बायका भिंती ताज्या करून घेतात. फेलित्स्या त्सुरिवोवा ही या गावची सर्वांत नामवंत चित्रकर्ती. ती १९०४ मध्ये जन्मली आणि १९७४ मध्ये वारली. तिचे घर आता संग्रहालय आहे. त्या घरात मी चुलीसमोर बराच वेळ उभी होते. चूल पांढरीशुभ्र, तिच्यावर छतापर्यंत फुले. जिथून सगळी काजळी आली त्या जागेवर तिने सर्वांत दाट फुले काढलेली आहेत.

अशीच कहाणी युक्रेनमध्ये द्निप्रो शहराजवळच्या पेत्रिकिव्का गावाची. तिथली फुलापानांची चित्रकला युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आज ती कागदावर आणि लाकडी तबकांवर दिसते, पण तीही मुळात घराच्या भिंतींवरची, चुलीवरची, आणि मांजराच्या केसांच्या बारीक कुंचल्याने बायकांनीच काढलेली.

युक्रेनच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या घराला 'खाता' म्हणतात, आणि त्या घराविषयी वाचताना मला वारंवार माझ्या आजीचे घर आठवले. कारण ही भिंत लाकडी ओंडक्यांची नसते. लाकडाचा किंवा कुडाचा सांगाडा उभा करून त्याला माती, पेंढा आणि शेण यांचा गिलावा देतात, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा किंवा खडूचा पोतारा. जमीनही मातीची, आणि ती सारवायची. होय, सारवायचीच, शेणमातीच्या काल्याने, हाताने, गुडघ्यांवर बसून, साधारणपणे दर शनिवारी. ईस्टरपूर्वी मात्र सगळे घर आतून-बाहेरून नवे करावे लागे. हिवाळ्यात जिथे पोपडे उडाले तिथे लिंपण, मग पांढरा हात, आणि शेवटी भिंतीच्या तळाशी लाल किंवा निळ्या रंगाचा पट्टा. आजी पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढायची तो मी लहानपणी पाहिला आहे. तिला विचारले असते तर तिने सांगितले असते की पट्टा ओढला नाही तर भिंत नागडी दिसते. युक्रेनच्या कोणत्याही गृहिणीला हे उत्तर समजले असते असे मला वाटते.

आजीचे घर कोल्हापूरजवळ होते, आणि तिच्या बोलण्यात अधूनमधून 'पोलंडच्या बायका' येत. मला तेव्हा ते काही कळत नसे. वळिवडे इथल्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते. तिथून सुटल्यावर इराणमार्गे ते भारतात आले. ज्या भागातून ते उखडले गेले त्याचा मोठा हिस्सा आज पश्चिम युक्रेन आणि बेलारूसमध्ये आहे. म्हणजे त्यांतल्या कित्येकींनी आपले घर वसंतात पांढरे केलेले होते, आणि पाच वर्षे त्या अशा मुलखात राहिल्या जिथल्या बायका तेच काम दसऱ्याच्या आणि दिवाळीच्या आधी करत होत्या. आजी हयात असताना मला हे ठाऊक असते तर मी तिला नीट बसवून विचारले असते. आता ते शक्य नाही, आणि त्याची रुखरुख मला फार आहे.

उत्तरेकडे, रशियाच्या जंगलपट्ट्यात, सगळे बदलते, कारण तिथे घर ओंडक्यांचे. ओंडक्याला पोतारा लावत नाहीत, ओंडका घासतात. त्यासाठीच्या भरड वाळूला 'द्रेस्वा' म्हणत. ग्रॅनाइटसारखा दगड भट्टीत तापवायचा, मग पाण्यात टाकायचा, म्हणजे तो ठिसूळ होतो. तो कुटला की टोकदार कणांची भरड तयार होते. फळ्यांच्या जमिनीवर ही भरड पसरायची, पाणी शिंपडायचे, आणि पाने झडून नुसत्या काड्या उरलेला जुना झाडू पायाखाली घेऊन अनवाणी पायाने तो पुढे-मागे रगडत जायचे. बाके, टेबल, दरवाजा सुरीने खरवडायचा. रंग न दिलेले पाइनचे लाकूड अशा घासण्याने पुन्हा पिवळेधमक निघते, ताज्या कापल्यासारखे. दिवसभर एका पायाने झाडू रगडणाऱ्या बाईच्या कमरेचे काय होत असेल, हे ज्याने कधी लादी घासली आहे त्याला सांगायला नको.

या सगळ्या मेहनतीला वेळापत्रक होते, आणि ते ईस्टरपूर्व उपवासाच्या काळाशी बांधलेले होते. रशियात उपवासाच्या आधीचा आठवडा 'मास्लेनित्सा', लोणी आणि धिरड्यांचा. तो क्षमा मागण्याच्या रविवारी संपतो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाचे नावच 'स्वच्छ सोमवार'. त्या दिवशी हमामात जाऊन अंग धुवायचे आणि प्रत्येक भांडे घासायचे, कारण पुढचे सात आठवडे दूध, लोणी आणि मांस वर्ज्य. भांड्याला चिकटलेला स्निग्धाचा थेंबही उपवास मोडेल. पोलंडमध्ये हेच काम राखेच्या बुधवारच्या, म्हणजे तिथल्या उपवासाच्या पहिल्या दिवसाच्या, तोंडावर करत, आणि तेही राखेनेच. भांडी राखेने घासण्यात मराठी माणसाला नवल वाटणार नाही. पण त्याच बुधवारी चर्चमध्ये डोक्यावर राख शिंपडून घ्यायची आणि घरी त्याच राखेच्या जातीने कढई घासायची, या दोन कृती मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

सर्वांत मोठा दिवस ईस्टरच्या आधीचा गुरुवार, 'स्वच्छ गुरुवार'. रशियात आणि युक्रेनमध्ये त्या दिवशी सूर्योदयापूर्वी स्नान करायचे. कावळा आपल्या पिलांना आंघोळ घालतो त्याच्या आधी, असे म्हणत. घराचा कानाकोपरा त्या दिवशी झाडून व्हायला हवा. उत्तरेत घर आणि गोठा जुनिपरच्या फांद्यांच्या धुराने धुपवत. आपल्याकडे ऊद घालतात तसाच हा धूर, फक्त जंगलातून आणलेल्या काटेरी डहाळीचा. संध्याकाळी चर्चमधून पेटती मेणबत्ती न विझवता घरी आणायची. थंड वारा सुटलेला असतो, ओंजळीच्या आडोशाने किंवा कागदी कंदिलात ज्योत जपत सगळे गाव अंधारातून चालत येते. आणि घरी पोचल्यावर पहिले काम म्हणजे त्या ज्योतीच्या काजळीने दाराच्या चौकटीवर आणि घराच्या मुख्य तुळईवर क्रूस उमटवणे. पुन्हा काजळीच! महिनाभर जी घासून काढली तीच, आता स्वतःच्या हाताने, हवी तिथे आणि हवी तेवढी लावलेली.

याच रात्रीचे आणखी एक काम मला विलक्षण वाटते, ते म्हणजे काळे मीठ करणे. रशियाच्या कोस्त्रोमा प्रांतातले हे मीठ विशेष प्रसिद्ध आहे. जाडे मीठ ओले करून राय नावाच्या धान्याच्या पिठात किंवा क्वास या आंबवलेल्या पेयाच्या तळाशी बसलेल्या आंबट गाळात कालवायचे, काही ठिकाणी त्यात कोबीची पाने आणि सुकी वनस्पती घालायची, ते फडक्यात घट्ट बांधून भट्टीच्या निखाऱ्यांत ठेवायचे. फडके जळते, पीठ जळून कोळसा होते, मिठाचा एक काळा गोळा उरतो. तो कुटून चाळायचा. हे मीठ ईस्टरच्या पहिल्या अंड्याबरोबर खायचे आणि उरलेले वर्षभर जपून ठेवायचे. गुरे पहिल्यांदा चरायला सोडताना त्यांना चाटवायचे, घरात कोणी आजारी पडले तर वापरायचे. मी ते एकदा चाखले आहे. त्याला खारटपणापेक्षा धुराची चव आधी लागते, आणि जिभेवर किंचित आंबटसर काही उरते. भट्टीची वर्षभराची चव त्या चिमटीत होती.

आता पुन्हा त्या पुतळ्याकडे वळते, कारण घरकामाच्या जोडीने पाहिला की तो वेगळा दिसतो. पोलंडमध्ये तिचे नाव माझान्ना, चेक आणि स्लोव्हाक भागांत मोराना किंवा मोरेना. पेंढ्याची बाई करून तिला जुने कपडे घालतात, गावातून नेतात, आणि सीमेबाहेर बुडवतात किंवा जाळतात. परतताना मागे वळून पाहायचे नाही. पोलिश शाळांतली मुले आता हे २१ मार्चला करतात आणि सहलीसारखा आनंद लुटतात. पण जुन्या प्रथेत इथे निम्मेच काम झालेले असे. मृत्यूला बाहेर टाकल्यावर त्याच लोकांनी हिरवी फांदी, रिबिनी आणि अंड्यांची टरफले लावून सजवलेली, गावात आणायची आणि दारोदार न्यायची. चेक गाण्यांत या फांदीला 'नवे लेतो' असा अर्थ असलेले नाव आहे. 'लेतो' म्हणजे उन्हाळा, आणि जुन्या स्लाव्ह भाषेत त्याचाच दुसरा अर्थ वर्ष. आपण 'मी चार पावसाळे जास्त पाहिलेत' असे म्हणतो, तसे त्यांचे वर्ष उन्हाळ्यावर मोजलेले. मळलेले बाहेर, हिरवे आत; केर उंबऱ्याबाहेर, ज्योत उंबऱ्याच्या आत. गृहिणी घरात जे करते तेच गाव वेशीवर करत होते.

बल्गेरियात हे सगळे आणखी लवकर सुरू होते, कारण तिथे मार्च महिना ही साक्षात एक म्हातारी आहे, 'बाबा मार्ता'. त्या भाषेत 'बाबा' म्हणजे आजी. ती लहरी आहे, क्षणात हसते आणि क्षणात रुसते, आणि घाणेरडे घर पाहिले की हमखास रुसते. म्हणून १ मार्चच्या आधी घर झाडून लख्ख करायचे, त्या दिवशी पहाटे लाल कापड किंवा लाल विणलेले कांबळे अंगणात दिसेल असे टांगायचे म्हणजे ती हसेल, आणि झाडून काढलेला केर अंगणात पेटवून त्यावरून मुलांनी उड्या मारायच्या. मनगटावर बांधायचा लाल-पांढरा दोरा, 'मार्तेनित्सा', आता जगाला माहीत आहे. २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत बल्गेरिया, उत्तर मॅसेडोनिया, मोल्दोव्हा आणि रुमानिया या चार देशांच्या नावे तो आला. करकोचा, पाकोळी किंवा फुललेले झाड दिसले की तो सोडून फांदीला बांधतात. पण मला त्याहून २५ मार्चचे 'ब्लागोवेत्स' आवडते. त्या दिवशी जमिनीतून साप बाहेर येतात असे मानतात, म्हणून बायका आणि मुले चिमटा, फावडे, पत्र्याचे डबे, घंटा जे हाताला लागेल ते बडवत घराभोवती फिरतात आणि साप-सरड्यांना पळून जायला सांगतात. चुलीजवळची लोखंडी हत्यारे त्या दिवशी वाद्ये होतात.

पूर्वेकडच्या स्लाव्ह खेड्यांत याच दिवसापर्यंत, म्हणजे त्यांच्या जुन्या पंचांगानुसार आजच्या ७ एप्रिलपर्यंत, शेतात नांगर किंवा कुदळ घालत नसत. धरणी अजून निजलेली आहे, तिला उठवू नये. त्यामुळे मार्चचा सगळा महिना घरालाच मिळे, आणि घर तयार होईतो जमीनही जागी होत असे.

पोलंडमध्ये स्वयंपाकघर आवरण्याचा शेवट फार लोभस आहे. उपवासाचे सहा आठवडे लोक आंबवलेल्या राय धान्याच्या पिठाचे आंबट सूप, 'झुर', आणि खारवलेला हेरिंग मासा खाऊन कंटाळलेले असतात. गुड फ्रायडेला किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सुपाचे मडके गावाबाहेर नेऊन फोडत किंवा पुरत आणि हेरिंगला झाडाला टांगत. सहा आठवड्यांच्या आंबट वासाचे ते मडके घरात पुन्हा यायचेच नाही. शनिवारी मग पांढऱ्या कापडाने झाकलेली टोपली चर्चमध्ये न्यायची. तिच्यात अंडी, पाव, मीठ, सॉसेज, हॉर्सरॅडिशचे मूळ. आमच्या गल्लीतून त्या दिवशी सकाळी टोपल्यांची रांग जाते, आणि सणाचा वास पहिल्यांदा तेव्हा येतो.

यंदा मी शेजारीणबाईंच्या आधी खिडक्या धुतल्या. त्यांना आता स्टुलावर चढवत नाही, म्हणून त्यांच्याही मीच धुतल्या, आणि त्या खुर्चीत बसून कुठे रेघ राहिली ते काठीच्या टोकाने दाखवत होत्या. बोळा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो नेहमीप्रमाणे उजेडात धरला. "काहीच नाही की यावर," त्या म्हणाल्या, आणि मला वाटले, त्या थोड्या खट्टू झाल्या.

त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या, पोलंडमध्ये चर्चमध्ये विलोच्या डहाळ्या आशीर्वादासाठी नेतात. खरे तर या दिवशी ताडाच्या झावळ्या न्यायच्या, पण इथे त्या मिळत नाहीत, आणि बर्फ सरल्यावर सर्वांत आधी फुलते ती ही डहाळी; तिला राखाडी रेशमी गोंडे येतात. घरी आणून ती वर्षभर देवाच्या तसबिरीमागे खोचतात, आणि पुढच्या वर्षी ती जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. त्या दुपारी बाईंनी माझे दार वाजवले. त्यांच्या हातात दोन डहाळ्या होत्या. एक त्यांनी माझ्या अंबाबाईच्या तसबिरीमागे स्वतः खोचली, न विचारता. दुसरीचा एक गोंडा खुडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. तो गिळला की वर्षभर घसा दुखत नाही, असे त्यांच्या आईने त्यांना शिकवलेले. गोंडा मांजराच्या पिलाच्या कानासारखा मऊ आणि अगदी कोरडा होता. मी तो तोंडात टाकला, तो घशात अडकला, आणि त्या लगबगीने पाण्याचा पेला घेऊन आल्या.